मायक्रोकंट्रोलरवर साइन तरंग आणि लो-पास फिल्टरची चाचणी : सूत्र, सीआरओ आणि साउंड कार्ड यांचे तीन वेगळे कटऑफ

प्रयोगवही

सर्वांना नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत फंक्शन जनरेटर मोजके आहेत आणि पदवीच्या वर्गाची तुकडी मोठी आहे. प्रत्येक टेबलावर स्वतंत्र साइन स्रोत असावा, या हेतूने मी आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर साइन तरंग तयार करून त्यावर आर-सी (रेझिस्टर-कपॅसिटर) लो-पास, म्हणजे कमी वारंवारताच पुढे जाऊ देणाऱ्या, फिल्टरचे प्रात्यक्षिक बसवत आहे. तरंग मिळतो आणि फिल्टरही काम करतो. मात्र कटऑफ वारंवारता (जिथे आउटपुट ०.७०७ पट, म्हणजे ३ डेसिबलने कमी होतो) मोजायला गेल्यावर सीआरओ (तरंग पडद्यावर दाखवणारे उपकरण) एक आकडा देतो, संगणकाचे साउंड कार्ड दुसरा देते आणि सूत्रातून तिसराच येतो. विद्यार्थ्यांनी जर्नलमध्ये कोणता आकडा खरा धरायचा, हे मला त्यांना कारणासह सांगता आले पाहिजे, म्हणून सगळी मांडणी सविस्तर लिहिते.

उनोवरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर (डीएसी) नाही, त्यामुळे पीडब्ल्यूएमवरच, म्हणजे चालू-बंद स्पंदांची रुंदी बदलून सरासरी व्होल्टेज घडवण्यावरच, भागवावे लागते. आर्डुइनोच्या नेहमीच्या ॲनालॉग-राइट आदेशाने ११ क्रमांकाच्या पिनवर मिळणाऱ्या पीडब्ल्यूएमची वारंवारता ४९० हर्ट्झ असते आणि एवढ्या संथ वाहकावर (म्हणजे मूळ चालू-बंद तरंगावर) १ किलोहर्ट्झचा साइन बसूच शकत नाही. म्हणून टायमर-२ फेज-करेक्ट पद्धतीने (आधी वर आणि मग खाली मोजत), प्रीस्केलर (घड्याळाला भागणारी संख्या) १ ठेवून चालवला आहे. १६ मेगाहर्ट्झला ५१० ने भागल्यावर ३१,३७२.५५ हर्ट्झ मिळतात. हाच वाहक आणि हाच नमुन्यांचा दर आहे.

साइनसाठी २५६ आकड्यांचा तक्ता फ्लॅश मेमरीत ठेवला असून ३२ बिटांचा फेज ॲक्युम्युलेटर वापरला आहे. दर इंटरप्टला (टायमरच्या प्रत्येक इशाऱ्याला) ॲक्युम्युलेटरमध्ये एक ठरावीक संख्या मिळवली जाते आणि त्याचे वरचे ८ बिट तक्त्यातील जागा दाखवतात. घड्याळाचा काटा प्रत्येक ठोक्याला किती पुढे सरकवायचा एवढे ठरवले की फेरीला लागणारा वेळ आपोआप ठरतो, तसेच हे आहे. १ किलोहर्ट्झसाठी ही संख्या १३,६९,०२,०८३ येते. वारंवारतेची सर्वांत लहान पायरी सुमारे ७.३ मायक्रोहर्ट्झ पडते, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या गरजेपेक्षा ती कितीतरी बारीक आहे.

तपासायचा फिल्टर अगदी साधा आहे. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर, दोन्ही एलसीआर मीटरवर मोजून घेतलेले. रेझिस्टर ९.९ किलोओहम आणि कपॅसिटर १०.१ नॅनोफॅरड भरला, तेव्हा आर आणि सीचा गुणाकार जवळजवळ नेमका १०० मायक्रोसेकंद होतो. कटऑफ म्हणजे १ भागिले २ पाय आर सी, यावरून उत्तर १५९२ हर्ट्झ येते. पिन ११ मधून निघालेला पीडब्ल्यूएम थेट या फिल्टरला दिला आहे आणि कपॅसिटरवरचा व्होल्टेज मोजला आहे.

सीआरओवर शिखर ते शिखर व्होल्टेज वाचून ५ व्होल्टने भागले, तर ०.७०७ हे गुणोत्तर साधारण १८०० हर्ट्झला मिळते. कटऑफच्या बऱ्याच वर, म्हणजे ५ किलोहर्ट्झला, सूत्राप्रमाणे १.५२ व्होल्ट यायला हवेत, तिथे १.८ ते १.९ व्होल्ट दिसतात. म्हणजे आलेखाचा उतार दशकाला २० डेसिबलपेक्षा कमी भासतो.

संगणकाच्या साउंड कार्डाच्या लाइन-इनला (बाहेरचा संकेत घेणाऱ्या जॅकला) तोच बिंदू जोडून सर्वांत कमी वारंवारतेच्या पातळीला शून्य डेसिबल मानले, तर ३ डेसिबलची घट ३२०० हर्ट्झच्या आसपास येते. हा आकडा सूत्राच्या जवळजवळ दुप्पट आहे.

घटकांच्या किमती मोजलेल्या असल्यामुळे टॉलरन्सचे (छापील किमतीपासूनच्या फरकाचे) कारण इथे पुरत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रोहित्र

प्रयोगवही ताई, मांडणी इतकी नीट लिहिली आहे की साउंड कार्डाच्या आकड्याचे कारण तुमच्या मजकुरातच सापडते.

लाइन-इनचा स्वतःचा इनपुट रोध असतो आणि बहुतेक कार्डांमध्ये तो १० ते ४७ किलोओहमच्या दरम्यान असतो. तुमच्या कार्डाचा तो १० किलोओहम आहे असे धरून पाहा. कपॅसिटरला समांतर १० किलोओहम जोडला गेला की थेवेनिनच्या प्रमेयानुसार कपॅसिटरला दिसणारा रोध दोन्ही रेझिस्टरांच्या समांतर जोडणीइतका, म्हणजे ५ किलोओहम होतो. त्यामुळे कटऑफ दुप्पट होऊन ३१८३ हर्ट्झवर जातो. त्याच वेळी कमी वारंवारतेलाही व्होल्टेज निम्मा होतो, म्हणजे तिथेच ६ डेसिबल गेलेले असतात. तुम्ही सर्वांत कमी वारंवारतेची पातळी शून्य डेसिबल मानली असल्यामुळे ती घट आलेखात दिसत नाही आणि फक्त सरकलेला कटऑफ शिल्लक राहतो.

हा अंदाज पडताळण्याची सोपी रीत आहे. आर-सी फिल्टर बाजूला ठेवा आणि कमी रोधाच्या स्रोतातून, उदाहरणार्थ मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून, १ किलोहर्ट्झचा सूर थेट लाइन-इनला देऊन पातळी नोंदवा. मग मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. पातळी ६ डेसिबलने उतरली, तर कार्डाचा इनपुट रोध १० किलोओहम आहे. कमी उतरली, तर तो जास्त आहे आणि विभाजकाच्या सूत्रातून त्याची किंमत काढता येते. माझ्या मते ही पडताळणी प्रात्यक्षिकाचा पहिला भाग म्हणूनच ठेवावी, कारण मोजणारे उपकरण हा परिपथाचाच एक घटक असतो, ही गोष्ट विद्यार्थ्याला इथे स्वतःच्या हाताने कळते.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे फिल्टरचा रोध कमी करणे. १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले तरी कटऑफ तोच राहतो. त्यावर १० किलोओहमचा भार आला, तर कमी वारंवारतेची घट केवळ ०.८ डेसिबल होते आणि कटऑफ १७५० हर्ट्झपर्यंत सरकतो. पूर्वीपेक्षा हे पुष्कळ बरे असले तरी १० टक्क्यांची चूक त्यात राहतेच. याच दिशेने आणखी खाली जाऊ नये. १०० ओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतल्यास पिनमधून ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मागितला जाईल आणि एटीमेगाच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. दुसरा उपाय खरा उपाय आहे : फिल्टर आणि लाइन-इन यांच्यामध्ये ऑप-ॲम्पचा बफर, म्हणजे संकेत तसाच पुढे देऊन भार फिल्टरवर येऊ न देणारा टप्पा, घालावा.

सीआरओचा इनपुट रोध १ मेगाओहम असतो, त्यामुळे १८०० या आकड्याचे कारण हे नाही. भारामुळे तिथे जेमतेम १ टक्का फरक पडेल.

प्रयोगवही

रोहित्र सर, मनापासून आभार. मोबाइलचा सूर देऊन पाहिले. १० किलोओहम मालिकेत घातल्यावर पातळी ६ डेसिबलच्या अगदी जवळपास उतरली. बफर म्हणून हाताशी असलेला एलएम३५८ हा ऑप-ॲम्प लावला, तेव्हा साउंड कार्डाचा कटऑफ १६०० च्या जवळ आला. म्हणजे ३२०० चे उत्तर मिळाले.

सीआरओचे १८०० मात्र अजून तसेच आहेत. फिल्टर तोच असून बफर लावलेले साउंड कार्ड १६०० दाखवते आणि सीआरओ १८००, हे कसे?

जुना सीआरओ

ताई, तुमच्या सीआरओच्या पडद्यावरचा तरंग जरा पसरवून पाहा. साइनची रेषा बारीक नसेल, तिच्यावर ३१ किलोहर्ट्झची करवतीसारखी लहर असेल. शिखर ते शिखर वाचताना तुम्ही साइन आणि ही लहर यांची बेरीज वाचत आहात.

लहर किती, ते आधी काढू. ५० टक्के ड्यूटीला (आवर्तनाचा निम्मा वेळ पिन चालू असताना) चौकोनी तरंगाचा मूळ घटक ३.१८ व्होल्ट शिखराचा असतो. तुमच्या साइनचे शिखर २.५ व्होल्ट आहे. म्हणजे फिल्टरच्या तोंडाशी वाहक हा संकेतापेक्षा मोठा असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १५९२ हर्ट्झचा एकपदरी फिल्टर ३१.४ किलोहर्ट्झला सुमारे २६ डेसिबल कमी करतो. उरणारी लहर ५० टक्के ड्यूटीला शिखर ते शिखर ०.४ व्होल्ट भरते. ५ गुणिले ३१.९ मायक्रोसेकंद, भागिले ४ गुणिले १०० मायक्रोसेकंद, असा सरळ हिशेब करूनही हेच उत्तर येते.

लहर सगळीकडे सारखी जाड नसते, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. ड्यूटी ५० टक्क्यांच्या आसपास असताना ती सर्वांत जाड असते, आणि ड्यूटी ० किंवा १०० टक्क्यांकडे जाताना ती नाहीशी होते. कमी वारंवारतेला फिल्टरमधून बाहेर पडणारा साइन पिनवरच्या ड्यूटीबरोबर चालतो, म्हणून शिखरापाशी लहर जवळजवळ नसते आणि वाचन अचूक येते. वारंवारता वाढली की बाहेरचा साइन मागे पडतो. कटऑफला तो ४५ अंश मागे असतो, त्यामुळे त्याचे शिखर येते तेव्हा ड्यूटी सुमारे ८५ टक्के असते आणि तिथे ०.२ व्होल्टची लहर असते. ५ किलोहर्ट्झला साइन ७२ अंश मागे असतो, म्हणजे त्याचे शिखर आणि लहरीचा सर्वांत जाड भाग जवळजवळ एकाच जागी येतात. मूळच्या दीड व्होल्टमध्ये पावणेचार दशांश व्होल्ट मिळवले की तुमचे १.८ ते १.९ तयार होतात. १८०० हर्ट्झचा कटऑफही याच बेरजेतून येतो. साइन आणि त्या जागची लहर मिळून ३.५४ व्होल्ट कुठे होतात, ते हिशेबाने काढून पाहा, उत्तर १८०० च्या अगदी जवळ येते.

साउंड कार्डात नमुने घेण्याआधी वरच्या वारंवारता कापणारा फिल्टर बसवलेला असतो. त्याला ३१ किलोहर्ट्झ दिसतच नाहीत, म्हणून बफर लावताच ते बरोबर बोलू लागले.

सीआरओवरही बरोबर आकडा मिळवता येतो. डिजिटल सीआरओ असेल, तर साइनवर ट्रिगर स्थिर करून ॲव्हरेजिंग चालू करावे. साइनची वारंवारता आणि वाहकाची वारंवारता एकमेकींच्या पूर्ण पटीत नसतील, तर लहर सरासरीत पुसली जाते. तुमच्याकडे नळीचा जुना सीआरओ असेल, तर लहरीच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या मधोमध वाचावे. पण हे सगळे तात्पुरते उपाय आहेत. मुळात तपासायच्या फिल्टरकडे आपण दोन कामे सोपवली आहेत : वाहक गाळणे हे एक आणि स्वतःची चाचणी देणे हे दुसरे. ही दोन्ही कामे वेगळ्या परिपथांकडे गेली पाहिजेत. पिनजवळ एक कायमचा पुनर्रचना फिल्टर बसवा, त्यातून स्वच्छ साइन बाहेर काढा, आणि तो साइन चाचणीच्या फिल्टरला द्या. मग विद्यार्थी त्याला हवा तो रेझिस्टर आणि हवा तो कपॅसिटर लावून पाहू शकेल.

कृष्णाकाठ

नमस्कार. मी अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी आहे. लहर कमी करण्यासाठी मी १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचे दोन आर-सी टप्पे एकापुढे एक जोडले होते. प्रत्येक टप्प्याला १५९२ हर्ट्झवर ३ डेसिबल, म्हणून दोघांचे मिळून ६ डेसिबल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या वारंवारतेला साडेनऊ डेसिबल घट येते आणि ३ डेसिबलचा बिंदू ६०० हर्ट्झच्याही थोडा खाली सापडतो. इथेही भाराचाच प्रश्न आहे का?

रोहित्र

होय, तोच प्रश्न आहे, फक्त इथे भार म्हणजे तुमचा दुसरा टप्पा. दोन समान टप्पे बफरशिवाय जोडले की हस्तांतर फलाच्या (आउटपुट भागिले इनपुट या सूत्राच्या) छेदात मधल्या पदाचा गुणक २ ऐवजी ३ होतो. म्हणून मूळ वारंवारतेला आउटपुट एक तृतीयांश उरतो, म्हणजे ९.५ डेसिबलची घट होते, आणि अर्ध्या शक्तीचा बिंदू मूळ वारंवारतेच्या ०.३७४ पट, म्हणजे ५९६ हर्ट्झला येतो. तुमचे मोजमाप अगदी बरोबर आहे.

दुसऱ्या टप्प्याचा रोध दहापट केला, म्हणजे १०० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड घेतले, तर तो गुणक २.१ होतो आणि घट ६.४ डेसिबलवर येते. ऑप-ॲम्पशिवाय काम भागवायचे असेल तेव्हा ही युक्ती चांगली आहे. मात्र पुढे जे उपकरण जोडाल त्याचा इनपुट रोध १०० किलोओहमपेक्षा पुष्कळ जास्त हवा. त्यामुळे लाइन-इनला हे थेट जोडता येणार नाही.

जुना सीआरओ

पुनर्रचना फिल्टरसाठी सॅलन-की ही ऑप-ॲम्पवर आधारलेली रचना सुचवतो. सॅलन आणि की हे दोघे एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत काम करत असताना १९५५ मध्ये त्यांनी ही रचना मांडली. फेज ॲक्युम्युलेटर आणि साइनचा तक्ता वापरून वारंवारता तयार करण्याची जी पद्धत ताईंनी वापरली आहे, तीही १९७१ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील टियर्नी, रेडर आणि गोल्ड यांनी मांडली होती. आपल्या टेबलावरच्या परिपथाचे दोन्ही अर्धे भाग एकाच संस्थेतून आलेले आहेत, हे मला फार आवडते.

एकक लाभाच्या सॅलन-की फिल्टरमध्ये दोन्ही रेझिस्टर समान ठेवले आणि फीडबॅकचा कपॅसिटर जमिनीकडच्या (ग्राउंडला जोडलेल्या) कपॅसिटरच्या दुप्पट घेतला, की बटरवर्थचा सपाट प्रतिसाद मिळतो, म्हणजे क्यू (कटऑफपाशी प्रतिसाद किती उंचावतो याचे माप) ०.७०७ होतो. दुप्पट किमतीचा कपॅसिटर शोधत बसू नये, तीच किंमत असलेले दोन समांतर जोडावेत. ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ४.७ नॅनोफॅरडचे तीन कपॅसिटर एवढ्या सामानात ५.१ किलोहर्ट्झचा फिल्टर तयार होतो.

आता वाहक. ३१.४ किलोहर्ट्झला हा फिल्टर सुमारे ३२ डेसिबल देतो, जे मला पुरेसे वाटत नाही. त्याऐवजी टायमर-२ फास्ट पीडब्ल्यूएमवर न्या. १६ मेगाहर्ट्झला २५६ ने भागून वाहक ६२.५ किलोहर्ट्झ होतो आणि तिथे घट ४३ डेसिबलच्या वर जाते. ३.१८ व्होल्टच्या वाहकातून २१ मिलिव्होल्टच उरतात आणि पुढे चाचणीचा १५९२ हर्ट्झचा फिल्टर आला की ते अर्ध्या मिलिव्होल्टवर येतात. दर इंटरप्टला २५६ क्लॉक-चक्रांत सगळे काम संपवणे उनोला जड जाते, म्हणून तक्त्यातला पुढचा आकडा एक आड एक इंटरप्टला घ्यावा. मग नमुन्यांचा दर ३१,२५० हर्ट्झ होतो आणि १ किलोहर्ट्झसाठीची संख्या १३,७४,३८,९५३ येते.

फास्ट पीडब्ल्यूएममध्ये तुलना रजिस्टरात (ड्यूटी ठरवणारा आकडा ठेवायच्या जागेत) शून्य लिहिले तरी एका चक्राची बारीक सुई उरते, त्यामुळे तक्ता ० ते २५५ असा काठोकाठ भरू नये. मध्य १२८ आणि आयाम १२० ठेवावा.

इंटरप्टला थोडा उशीर झाला तर तरंग बिघडेल का, अशी शंका नेहमी विचारली जाते. पीडब्ल्यूएमच्या पद्धतीत तुलना रजिस्टर दुहेरी असते. लिहिलेली नवी किंमत चालू आवर्तन संपल्यावरच लागू होते, म्हणून थोड्या उशिराने तरंगात थरथर येत नाही. उशीर पुढच्या आवर्तनापलीकडे गेला तरच जुना नमुना एक आवर्तन जास्त टिकतो.

एक मर्यादा सांगून ठेवतो. ८ बिटांच्या साइनमध्ये संकेत आणि क्वांटायझेशनचा (किंमत ठरावीक पायऱ्यांत बसवल्याने येणारा) गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे ५० डेसिबलच असते. चाचणीच्या फिल्टरची घट ४० डेसिबलच्या पुढे मोजायची असेल, तर हा स्रोत तिथे अपुरा पडेल. १५९२ हर्ट्झच्या एकपदरी आर-सीसाठी मात्र तो भरपूर आहे.

नॅनोफॅरड

कपॅसिटरविषयी थोडे लिहितो. ताईंनी पॉलिएस्टर घेतला हे उत्तम केले. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नुसते १०४ (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड) मागितले, की पुष्कळदा सिरॅमिक डिस्क हातात पडते. ती बायपाससाठी ठीक आहे. पण अशा डिस्कमध्ये वापरलेल्या काही डायइलेक्ट्रिकांचे टॉलरन्स अधिक ८० ते उणे २० टक्के असते आणि तापमान व व्होल्टेज यांबरोबर त्यांची किंमत बदलते. फिल्टरसाठी दुकानात बॉक्स पॉलिएस्टर असे स्पष्ट सांगावे आणि अंगावर जे किंवा के हे अक्षर पाहून घ्यावे. जे म्हणजे ५ टक्के, के म्हणजे १० टक्के.

विद्यार्थ्यांकडे एलसीआर मीटर नसेल, तर अपेक्षित पल्ला आधी काढायला लावावा. रेझिस्टर ५ टक्क्यांचा आणि कपॅसिटर १० टक्क्यांचा असल्यास १५९२ हर्ट्झचा कटऑफ १३८० ते १८६० च्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. हा पल्ला जर्नलमध्ये आधी लिहिला, की मोजलेला आकडा ओढून ताणून १५९२ च्या जवळ आणण्याचा मोह राहत नाही. सगळ्या टेबलांवर नेमके १५९२ आले, तर मला ते निरीक्षण नसून नक्कल आहे असेच वाटेल.

तरंगिणी

मी बंगळुरूला एम्बेडेड क्षेत्रात काम करते. नवे बोर्ड घेण्याची सोय असेल, तर पीडब्ल्यूएमचा हा वाहक मुळातच टाळता येतो. मूळ ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये जीपीआयओ २५ आणि २६ या पिनांवर ८ बिटांचे दोन डीएसी आहेत. ईएसपी३२-एस३ आणि सी३ यांत मात्र ते नाहीत, त्यामुळे खरेदी करताना नाव पूर्ण वाचावे. आर्डुइनो उनो आर४ मध्ये ए० या पिनवर १२ बिटांचा डीएसी आहे आणि जुन्या उनोसाठी केलेली जोडणी बरीचशी तशीच चालते. ब्लू पिल म्हणून मिळणाऱ्या एसटीएम३२एफ१०३ बोर्डावर आणि रास्पबेरी पाय पिकोवर डीएसी नाही.

डीएसी वापरला तरी पुनर्रचना फिल्टर लागतोच. आउटपुट पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि नमुन्यांच्या दराच्या दोन्ही बाजूंना साइनच्या प्रतिमा उमटतात. शिवाय पायरीमुळे वरच्या वारंवारतांना आयाम आपोआप घटतो. नमुन्यांच्या दराच्या एक चतुर्थांशाला तो ०.९ पट आणि निम्म्याला ०.६४ पट होतो. ही घट स्रोताची असते आणि ती चाचणीच्या फिल्टरच्या माथी मारली जाऊ नये.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की गुणोत्तर काढताना तक्त्यातून येणारे ५ व्होल्ट कधीच गृहीत धरू नयेत. प्रत्येक वारंवारतेला चाचणीच्या फिल्टरचा इनपुट आणि आउटपुट दोन्ही त्याच उपकरणाने मोजावेत. जुना सीआरओ सरांनी सुचवलेला पुनर्रचना फिल्टर ५ किलोहर्ट्झला स्वतःच ३ डेसिबल कमी करतो. पण इनपुट त्याच्या पुढे मोजला असेल, तर भागाकारात ती घट निघून जाते.

प्रयोगवही

तरंगिणी ताई, हा मुद्दा मी प्रात्यक्षिकाच्या कृतीतच लिहिला आहे. नवे बोर्ड सध्या घेता येणार नाहीत, त्यामुळे जुन्या उनोवरच पुढे जाते.

६२.५ किलोहर्ट्झचा वाहक आणि सॅलन-की फिल्टर बसवल्यावर सीआरओवरची रेषा बारीक झाली आहे. इनपुट आणि आउटपुट दोन्ही मोजून गुणोत्तर काढले, तेव्हा सीआरओ आणि बफर लावलेले साउंड कार्ड दोघांचाही कटऑफ १६०० च्या आत-बाहेर येतो. ५ किलोहर्ट्झला गुणोत्तर ०.३ च्या जवळ आहे, म्हणजे सूत्राप्रमाणेच.

निरीक्षण तक्त्यासाठी ५० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत १, २, ५ या क्रमाने वारंवारता ठेवल्या आहेत आणि कटऑफच्या दोन्ही बाजूंना जवळजवळचे बिंदू दिले आहेत. आलेख सेमीलॉग कागदावर काढायचा आहे. कलेसाठी (फेजसाठी) सीआरओ एक्स-वाय पद्धतीत ठेवून लंबवर्तुळावरून कोन काढायला सांगणार आहे. वाय अक्षावरील छेद आणि कमाल उंची यांचे गुणोत्तर ०.७०७ झाले की कोन ४५ अंश, आणि ती वारंवारता आयामावरून काढलेल्या कटऑफशी जुळली पाहिजे. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच आकडा मिळतो, हे मुलांनी पाहावे असे मला मनापासून वाटते.

दोन शंका उरल्या आहेत. १ किलोहर्ट्झ मागितल्यावर सीआरओचा वारंवारतामापक दोन-तीन हर्ट्झचा फरक दाखवतो, पायरी मात्र मायक्रोहर्ट्झमध्ये आहे. आणि एलएम३५८ ला ५ व्होल्ट दिले असता साइनचा वरचा भाग सपाट होतो.

रोहित्र

पहिल्या शंकेचे कारण बोर्डाचे घड्याळ आहे. उनो आर३ वर एटीमेगा ३२८पीसाठी क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर आहे आणि त्याची अचूकता साधारण अर्ध्या टक्क्याची असते. १ किलोहर्ट्झला ५ हर्ट्झपर्यंतचा फरक त्यातच बसतो. पायरी बारीक आहे याचा अर्थ आकडा अचूक आहे असा होत नाही. आलेखासाठी मोजलेली वारंवारता वापरावी.

दुसरी शंका एलएम३५८ च्या स्वभावाची आहे. त्याचा आउटपुट जमिनीपर्यंत उतरतो, पण वर धन पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतो. ५ व्होल्टवर त्याला ३.५ व्होल्टच्या पुढे जाता येत नाही आणि तुमचा साइन तर ५ व्होल्टच्या जवळ पोहोचतो. उनोला ९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावून एलएम३५८ चा पुरवठा व्हीआयएन पिनवरून घ्या, सपाटपणा जाईल. दुसरा मार्ग म्हणजे एमसीपी६००२ हा ऑप-ॲम्प. तो ५ व्होल्टवर जवळजवळ दोन्ही टोकांपर्यंत जातो आणि त्याच्या आठ पायांची मांडणीही एलएम३५८ सारखीच आहे, त्यामुळे ब्रेडबोर्डवर काही बदलावे लागत नाही. मात्र त्याची पुरवठ्याची मर्यादा ६ व्होल्ट आहे, त्याला ९ व्होल्ट देऊ नयेत.

एलएम३५८ च ठेवणार असाल, तर पुढच्या कपॅसिटरमुळे प्रवाहाची दिशा पालटताना साइनमध्ये छोटी खाच दिसू शकते. आउटपुटपासून जमिनीकडे काही किलोओहमचा एक रेझिस्टर जोडला की ती जाते.

जुना सीआरओ

रोहित्र यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. पुनर्रचना फिल्टर आणि लाइन-इनचा बफर यांसाठी एलएम३५८ चे दोन्ही अर्धे भाग वापरले जातील, तेव्हा पुरवठ्याच्या पायापाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जमिनीला जरूर लावावा, इथे डिस्कच योग्य आहे. सॅलन-की फिल्टरची एक खोडही माहीत असू द्यावी. फार वरच्या वारंवारतेला ऑप-ॲम्पचा लाभ संपतो, त्याचा आउटपुट रोध वाढतो आणि फीडबॅकच्या कपॅसिटरमधून पीडब्ल्यूएमच्या कडा सरळ पुढे निघून जातात. साइनवर बारीक सुया दिसल्या, तर पिन आणि सॅलन-की यांच्यामध्ये १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा एक साधा आर-सी टप्पा घालावा. त्याचा कटऑफ १६ किलोहर्ट्झच्या जवळ असल्यामुळे मोजणीच्या पट्ट्यात तो फारसा जाणवणार नाही, आणि जेवढा जाणवेल तेवढा इनपुट पुढे मोजल्यामुळे भागाकारात जाईल.

कृष्णाकाठ

मी दोन टप्प्यांच्या मध्ये एमसीपी६००२ चा बफर घालून पाहिले. १५९२ हर्ट्झला आता ६ डेसिबल येतात आणि ३ डेसिबलचा बिंदू हजार हर्ट्झच्या किंचित वर सापडतो.

रोहित्र

बरोबर. दोन समान आणि स्वतंत्र टप्प्यांसाठी तो मूळ वारंवारतेच्या ०.६४४ पट येतो, म्हणजे १०२४ हर्ट्झ. आता याच दोन कपॅसिटरांमध्ये तिसरा १० नॅनोफॅरड मिळवून सॅलन-की बांधा आणि दोन्ही आलेख एकाच सेमीलॉग कागदावर काढा. वरच्या टोकाला दोघांचाही उतार दशकाला ४० डेसिबलच राहील, पण कटऑफच्या आधीचा भाग बटरवर्थमध्ये किती सपाट राहतो, ते त्या कागदावर दिसेल. जमल्यास आलेखाचे छायाचित्र इथे टाका.